पश्चिमेचा की पश्चिमेला

त्या दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या खोलीत सायकलची घंटी वाजली आणि माझा घास घशातच अडकला. खोलीत सायकल नव्हती. घंटी कॉम्प्युटरमधली होती. ती मीच बसवली होती आणि ती फक्त एकाच कारणासाठी वाजणार होती. आठ महिन्यांत ती एकदाही वाजली नव्हती.

डबा तसाच उघडा टाकून मी पडद्यासमोर धावले.

"सर!" मी ओरडले. "सर, तीनशे अकरा!"

सर शेजारच्या खोलीत होते. तिथे जमिनीत एक चौकोनी खड्डा आहे आणि समुद्रातून आलेली मनगटाएवढी जाड केबल त्या खड्ड्यातून वर येते. सर तिथे गुडघ्यांवर बसून एका जोडाला टेप गुंडाळत होते.

"काय तीनशे अकरा?"

"गोळे, सर! तीनशे अकरा गोळे पेटलेत. एकदम!"

खड्ड्यात टेपचं रीळ पडल्याचा आवाज आला.

किनाऱ्यापासून तीस किलोमीटर आत, तीन किलोमीटर खोल पाण्यात आमच्या बेचाळीस माळा उभ्या आहेत. प्रत्येक माळेला खाली वजन, वर तिला ताठ धरणारा फुगा, आणि मध्ये ओळीने अठरा काचेचे गोळे, प्रत्येक मोठ्या कलिंगडाएवढा. गोळ्यांच्या आत प्रकाश टिपणारे डोळे आहेत. तिथे सूर्याचा उजेड पोचत नाही, त्यामुळे डोळ्यांना करायला फारसं काही नसतं. ते वाट बघतात.

वाट न्यूट्रिनोची. हा कण भलताच अलिप्त. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अख्खी पृथ्वी आरपार ओलांडतो आणि कुणाला साधा धक्का लावत नाही. पण क्वचित एखादा पाण्यातल्या अणूवर आपटतो. त्यातून दुसरा एक कण सुटतो आणि पाण्यात निळ्या प्रकाशाची रेघ ओढत जातो. कोणता गोळा आधी पेटला, कोणता नंतर, यावरून आम्ही ती रेघ काढतो. न्यूट्रिनो वाटेत कुठे वळत नाही, म्हणून रेघेवरून मागे मागे गेलं की आकाशातलं त्याचं घर मिळायला हवं.

मिळायला हवं, पण मिळत नव्हतं. आम्हाला दिसणारे बहुतेक न्यूट्रिनो आपल्याच हवेत जन्मलेले असतात, अगदी घरचेच. फार मोठी ऊर्जा घेऊन लांबून येणारे पाहुणे वर्षातून चार-पाच. सर अकरा वर्षं हेच काम करत होते आणि अकरा वर्षांत एकाही पाहुण्याचं घर सापडलं नव्हतं. सापडलंसं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा आणखी मोजमापं आल्यावर ते पाण्यावरच्या बुडबुड्यासारखं फुटलं. तेव्हापासून सरांना एकच शब्द येतो, असं केंद्रावर सगळे म्हणतात. त्यांच्या माघारी त्यांचं नाव थांबा-सर.

सर हातातला टेपचा तुकडा न सोडता आले. पडद्यावर रेघ होती. ती जवळजवळ आडवी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या माळा छेदून गेलेली. गोळ्यांचे ठिपके इतके मोठे झाले होते की एकमेकांत मिसळत होते.

 सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"ऊर्जा?"

मी आकडा सांगितला. आमच्याकडे आजवर दिसलेल्या सगळ्यात मोठ्या न्यूट्रिनोच्या साडेचार पट.

"थांबा," सर म्हणाले.

"सर, आपण तिघं-चौघं नाही आहोत. मी एकटीच आहे."

"मग तू थांब. पूर्ण गणित होऊ दे. सहा तासांत पक्की जागा मिळेल."

इथे आमचं वाजलं. पूर्ण गणिताला सहा तास लागतात आणि ते अगदी पक्कं असतं. चंद्र आड आला की वरून येणारे कण त्या जागी कमी होतात, त्या सावलीवर पडताळून घेतलेलं. पण न्यूट्रिनो जिथून सुटतो तिथे त्याच वेळी काहीतरी भडकलेलं असण्याची शक्यता असते, आणि तो भडका आपल्यासाठी थांबून राहत नाही. म्हणून मी एक झटपट प्रोग्राम लिहिला होता. दहा मिनिटांत जागा काढायची आणि जगभरच्या दुर्बिणींना कळवायची. सहा महिने मी त्याच्यावर खपले होते. घंटी त्याचीच.

"सहा तासांत तिथली आग विझली तर?" मी म्हणाले. "मग बाराव्या वर्षीही आपण रिकाम्या हातानेच बसणार."

हे जरा जास्तच झालं. बोलल्यावर माझे कान तापले. पण सरांना राग आला नाही.

"तुझा प्रोग्राम तपासलायस?"

"दोन लाख खोट्या कणांवर, सर. एकदाही चुकला नाही."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्यावर आमची नाव परत येत होती. मग म्हणाले, "पाठव. खाली माझंही नाव घाल. बुडालो तर दोघं बुडू."

एक वाजून बावन्न मिनिटांनी मी निरोप पाठवला. आकाशातला एक तुकडा, हात लांब केल्यावर दिसणाऱ्या करंगळीच्या नखाएवढा. एवढ्या जागेत शोधा म्हणून चाळीसेक वेधशाळांना सांगितलं आणि खुर्चीत बसले. बसवेना म्हणून उठले. उभं राहवेना म्हणून डब्यातलं उरलेलं खाल्लं. काय खाल्लं ते आठवत नाही.

पहिलं उत्तर एका डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीकडून आलं. तिथे आमच्यापेक्षा घड्याळ दहा तास मागे असतं. म्हणजे तिकडे पहाट होत आलेली. दुर्बीण चालवणाऱ्या बाईंशी आमची फोनवर ओळख होती. तोंड कधी पाहिलेलं नाही, पण त्यांना सर्दी झाली की आम्हाला आधी कळतं.

"अहो, तुमचा तुकडा आमच्याकडे केव्हाच मावळला," बाई म्हणाल्या. "तुम्ही बातमी पाठवता ती नेमकी आमच्या पायाखालची. पुढच्या वेळी जरा वरचं काहीतरी पाठवा."

"निवडून पाठवता येत नाही हो."

"मग मी घुमट बंद करते आणि झोपायला जाते. शुभ रात्री, म्हणजे तुमची दुपार."

उरली अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण. ती पृथ्वीभोवती फिरते, तिला पहाट-संध्याकाळची अडचण नसते. तिने आपलं ठरलेलं काम सोडून आमच्या तुकड्याकडे तोंड वळवलं. दोन चाळीसला तिचं उत्तर आलं. तुकड्यात साधे तारे. एक अंधुक दीर्घिका, नेहमीसारखीच अंधुक. भडकलेलं काहीही नाही.

सर म्हणाले, "रिकामं आकाश हेही एक उत्तर असतं." हे ते मला समजावत होते की स्वतःला, कळलं नाही. ते परत खड्ड्याकडे गेले. टेप फाडल्याचा आवाज आला.

मला रडू येत होतं असं नाही. मला राग येत होता, आणि कुणावर ते ठरत नव्हतं. एवढा मोठा कण अब्जावधी वर्षांचा प्रवास करून नेमका आमच्या माळांमध्ये येऊन फुटतो आणि कुठून आला म्हणून विचारलं तर रिकामं आकाश?

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आमच्याकडे दार असं एकच माणूस उघडतं.

"अगं ए शहाणे, माझा कागद घे. आणि खुर्ची दे, पाय मोडलेत माझे."

ही माझी मावशी. आईची धाकटी बहीण, आणि आमच्या केंद्राच्या नावेची कप्तान. बेचाळीसच्या बेचाळीस माळा तिने समुद्रात सोडल्या आहेत, आणि मला इथली नोकरी तिच्यामुळे लागली असं कुणी म्हटलं की ती सगळ्यांत आधी भडकते. "परीक्षा देऊन लागलीय ती. मी फक्त राहायला खोली दिली." खोली म्हणजे तिच्या घरातली दोराची भेंडोळी ठेवायची खोली. भेंडोळी अजून तिथेच आहेत. मी त्यांच्या मध्ये झोपते.

मावशी रोज सकाळी माळांच्या जागेवर जाऊन वाऱ्याची आणि खालच्या प्रवाहाची मापं घेते. प्रवाहाने माळा थोड्या कलतात. किती कलल्या ते कळलं नाही तर आमची रेघ चुकते. आतापर्यंत तिचा कागद तसाच फायलीत जायचा. मी या आठवड्यात त्याचा कॉम्प्युटरवर तक्ता केला होता आणि आज पहिल्यांदाच तिच्यासमोर भरत होते.

"तोंड का असं?" तिने विचारलं.

"काही नाही. सांग."

"ताईचा फोन आला होता का?"

"मावशी, सांग ना."

"बरं बाई. वारा पश्चिमेचा, बारा. प्रवाह पश्चिमेला, अर्धा. लाटा दीड."

वारा-पाणी ताशी सागरी मैलांत, लाटा मीटरमध्ये, तसं मी भरलं. वारा, बारा, पश्चिम. प्रवाह, अर्धा, पश्चिम. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होती. तिच्या ओल्या जाकिटाचं पाणी माझ्या कीबोर्डवर ठिबकत होतं.

"हे काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस तेच. पश्चिम, पश्चिम."

"मी असं कुठे सांगितलं? म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही एकाच बाजूला चाललेत?"

"तूच म्हणालीस..."

"मी म्हणाले वारा पश्चिमेचा. पश्चिमेकडून येतो तो. आणि प्रवाह पश्चिमेला. तिकडे जातो तो. एकमेकांच्या तोंडावर आहेत दोघं, म्हणून तर आज नाव अशी नाचत होती. वाऱ्याला 'चा' लावायचा, प्रवाहाला 'ला'. वारा येतो त्या बाजूचा, पाणी जातं त्या बाजूला. पहिल्या दिवशी शिकवतात नावेवर. तुझा 'चा' कुठे गेला? 'ला' कुठे गेला?"

"तक्त्यात एकच रकाना आहे. 'दिशा'."

"दिशा! दिशा म्हणजे काय? येण्याची का जाण्याची? कुणी केलाय हा तक्ता?"

"मी."

"दिसतंय."

मी हसणार होते. तोंडही उघडलं होतं. पण हसू आलंच नाही, कारण माझ्या झटपट प्रोग्राममध्येही एक रकाना होता, आणि त्याचंही नाव 'दिशा' होतं.

मी मावशीचा तक्ता बाजूला सारला. 

रेघ काढणारा मूळ प्रोग्राम जुना, मी यायच्या आधीचा. तो कण कुठे चाललाय ते सांगतो. 'ला'. आकाशाच्या नकाशाला हवं असतं कण कुठून आला ते. 'चा'. मध्ये कुणीतरी ते उलटवायला लागतं. उभा कोन मी उलटवला होता. नाहीतर खालून वर येणारे कण वरून पडताना दिसले असते, आणि तसे ते दिसले म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी तो उलटवला होता. आडवा कोन, म्हणजे पूर्व की पश्चिम ते, उलटवल्याचं मला आठवेना. मी फाइल उघडली. तीनदा चुकीचा शब्द शोधला.

उलटवलेला नव्हता.

आणि ते दोन लाख खोटे कण? तेही मीच बनवले होते, त्याच समजुतीने. प्रश्नपत्रिका माझी, उत्तरपत्रिका माझी, पैकीच्या पैकी मार्कही मीच दिले.

"सर!" माझा आवाज फाटला. "सर, उलटं आहे! मी उलटं पाठवलं!"

सर खड्ड्यातून वर आले. मी धाप लागल्यासारखी बोलत सुटले: चा, ला, वारा, आडवा कोन, फाइल. मावशीने मध्येच माझ्या डोक्यावर टपली मारली. "एक श्वास घे. माणसांना कळेल असं बोल."

मी श्वास घेतला आणि सांगितलं. आम्ही जगाला पूर्वेकडचा तुकडा दिला होता. खरा तुकडा आकाशाच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला होता.

सरांचा चेहरा पांढरा पडला. "थांबा," ते म्हणाले, आणि या वेळी मला त्यांचं पटलं. एकदा चुकीचं पाठवलं, ते एक वेळ लोक विसरतील. घाईघाईत दुसऱ्यांदा चुकीचं पाठवलं, तर पुढची दहा वर्षं आमचा निरोप कुणी उघडून बघणार नाही. "कोडवर विश्वास नको आता. कोड न वापरता सांग, कण कुठल्या बाजूने आला?"

प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तरही साधं निघालं. मी पेटलेल्या गोळ्यांची यादी वेळेप्रमाणे लावली.

"सगळ्यांत आधी माळ सदतीस. शेवटी माळ चार. मध्ये एकोणीसशे नॅनोसेकंद." नॅनोसेकंदात प्रकाश फूटभर जातो, म्हणजे जवळजवळ अख्खी रुंदी पार केली होती. "पण सर, सदतीस नेमकी कुठे आहे? नकाशाही माझ्याच फाइलमध्ये आहे."

"नकाशा कशाला?" मावशी म्हणाली. "सदतीस सगळ्यांत बाहेरची. खोल समुद्राकडची, पश्चिमेच्या कडेला. सोडताना तिचा दोर कप्पीत अडकला होता, मी दोन तास पावसात उभी होते. तिला मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"आणि चार?"

"चार आतली. किनाऱ्याकडची. पहिल्या दिवशी सोडलेल्या पाचांतली. सर, तुम्ही होतात की नावेवर. उलट्या करत होतात."

"होतो," सर म्हणाले. त्यांनी टेबलावरचा पेन्सिलचा तुकडा उचलला, कागदावर दोन टिंबं काढली, एकापासून दुसऱ्यापर्यंत बाण ओढला. समुद्राकडून किनाऱ्याकडे. मग पेन्सिल ठेवून ते माझ्याकडे वळले. "पश्चिमेचा आहे."

"हो सर."

"मग लिही. आधीची जागा रद्द. आडव्या कोनात आमच्याकडून चूक झाली, नवी जागा खालीलप्रमाणे. 'तांत्रिक अडचणीमुळे' वगैरे घालू नकोस. चूक झाली, असं लिही. लोक लवकर वाचतात."

तीन वाजून दोन मिनिटांनी दुरुस्तीचा निरोप गेला. चाळीस वेधशाळांसमोर मी माझ्या चुकीची दवंडी पिटली होती, आणि लाजायला मला वेळच नव्हता. डोंगरावर आता पहाटेचे पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. नवा तुकडा त्यांच्याकडे कुठे येतो? मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. पूर्वेला! बऱ्यापैकी वर चढलेला! आणि त्याच पूर्वेला वीस-पंचवीस मिनिटांत उजाडणार होतं.

मी फोन लावला. वाजत राहिला. ठेवला, परत लावला.

"काय झालं?" बाईंचा आवाज घोगरा होता. "मी बूट काढलेत."

"बूट घाला! बाई, प्लीज बूट घाला. आम्ही उलटं सांगितलं होतं. खरी जागा तुमच्या पूर्वेला आहे, आत्ता, वर, दिसतेय!"

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे जिकडे गेला ते सांगितलं, जिकडून आला ते सांगायचं होतं!"

 पलीकडे बाई मोठ्याने हसल्या, अगदी खो खो. "अगं, माझ्या पहिल्या वर्षी मी अख्खी रात्र आरशात बघून उत्तर-दक्षिण उलट लावली होती. जागा सांग. आकडे हळू सांग. घुमट उघडायला तीन मिनिटं लागतात."

मी आकडे सांगितले. त्यांनी परत म्हणून दाखवले. सरांनी माझ्या हातून फोन घेऊन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. घुमट उघडण्याचा आवाज आमच्या खोलीत घुमला, लोखंडी शटर वर जाताना होतो तसा. मावशीने खुर्ची पुढे ओढली.

"हे काय आता?" तिने हळूच विचारलं.

"दुर्बीण फिरतेय."

"एवढा आवाज करते? आमची नाव परवडली."

"पहिला फोटो चालू," बाई म्हणाल्या. "दीड मिनिट."

दीड मिनिट आम्ही तिघं एका फोनकडे बघत बसलो. फोनकडे बघून काही दिसत नाही, पण दुसरीकडे बघवत नव्हतं.

"दुसरा... क्षितिजावर पिवळट होतंय. तिसरा. अगं, आकाश भराभर फटफटतंय इथे. चौथा घेते. पाचवा मिळाला तर मिळाला."

पाचवा मिळाला. सहावा पांढरा आला. घुमट बंद झाला, सूर्य उगवला, आणि बाई म्हणाल्या, "आता गेल्या महिन्यातल्या फोटोंशी ताडून बघते. फोन ठेवू नका. ठेवलात तर मीच परत करणार आहे."

किती वेळ गेला मला माहीत आहे: सतरा मिनिटं. मावशीने तेवढ्यात माझा तक्ता उघडून 'दिशा' खोडायला लावलं आणि त्या जागी दोन रकाने करून घेतले. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या बोटांना चिकटलेली टेप ते काढत होते, परत चिकटवत होते.

"ऐकताय का?" बाईंचा आवाज बदलला होता. "तुमच्या तुकड्यात, मध्यापासून जरा डावीकडे, एक दीर्घिका आहे. यादीत आहे, गरीब बिचारी, कुणी लक्ष देत नाही. गेल्या महिन्यात होती त्याच्या बारा पट उजळ झालीय. बारा पट! आणि पहिल्या फोटोपासून पाचव्यापर्यंत अजून चढतेय. हॅलो? हॅलो? अहो, कुणी आहे का तिथे?"

आम्ही होतो. पण मी मावशीच्या गळ्यात पडले होते आणि मावशी "अगं गुदमरतेय मी" म्हणून ओरडत होती, आणि "हो" म्हणायला सर फोनवर वाकले होते.

त्या दीर्घिकेच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर आहे. ते आसपासचं सगळं गिळतं आणि गिळताना काही भाग झोताने बाहेर फेकतं. झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे आहे. न्यूट्रिनो अशा झोतात जन्मत असावेत, असं पुस्तकांत लिहिलेलं मी पाठ केलं होतं. 'असावेत' हा शब्दही पाठ झाला होता.

त्यानंतर आमचा फोन थांबलाच नाही. अवकाशातली दुर्बीण परत वळली. सव्वापाचला तिचं उत्तर आलं की तिथून क्ष-किरणांचा नुसता पूर आलाय. रेडिओ दुर्बिणीवाल्यांनी आकडे पाठवले. कुणीतरी माझ्या दुरुस्तीच्या निरोपाखाली नुसतं "वा!" एवढंच लिहिलं. आठला वीस कमी असताना पूर्ण गणित संपलं. पक्की जागा त्या दीर्घिकेपासून चंद्राच्या निम्म्या रुंदीइतकीसुद्धा लांब नव्हती.

मला नाचायचं होतं. मावशी कुलूप काढून नावेवरचा भोंगा वाजवायला निघाली होती.

"बसा दोघी," सर म्हणाले. "एका कणाने काही सिद्ध होत नाही. आकाशात कुठे ना कुठे काहीतरी भडकलेलं असतंच. मी हिशेब केला: निव्वळ योगायोगाने असं जुळायची शक्यता चारशेत एक."

"चारशेत एक म्हणजे फार नाही झालं, सर?"

"तीनदा तोंडघशी पडलेल्या माणसाला फार होतं." पण त्यांचे डोळे काही वेगळंच सांगत होते. "पण आपल्याकडे अकरा वर्षांचा साठा आहे. तो पूर्ण गणितातून गेलेला आहे, तुझ्या झटपटातून नाही. हा कण जर तिथला असेल, तर त्याची भावंडंही आधी कधीतरी आली असणार. मोठी नसतील. आपण ओळखली नसतील."

माझ्या अंगावर काटा आला. अकरा वर्षं! ते सगळे तिथे, त्या कपाटातल्या डिस्कवर, नुसते पडून होते.

"उघडू?" मी कीबोर्डकडे हात नेला.

"हात मागे," सर म्हणाले.

आमच्या कामात एक नियम आहे. उत्तर बघून मग प्रश्न ठरवायचा नाही. साठ्यात बघायच्या आधी कागदावर लिहायचं: कुठे बघणार, किती मोठा तुकडा घेणार, किती कण मिळाले तर 'आहे' म्हणणार. एकदा लिहिलं की खाडाखोड नाही. माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसायला लागतं, म्हणून हा बंदोबस्त.

सरांनी कोरा कागद घेतला. जागा लिहिली. तुकडा लिहिला. मी हिशेब करून सांगितलं की तिथे काहीच नसेल तर अकरा वर्षांत योगायोगाने चार कण दिसायला हवेत, चारच्या आसपास.

"मग किती दिसले तर मानायचं?" मावशीने विचारलं. "आठ?"

"आठ पुष्कळदा होतील."

"दहा?"

"कप्तान, भाजी घेत नाही आहोत आपण." सर मनात काहीतरी मोजत होते. "बारा. कमीत कमी बारा. योगायोगाने बारा यायचे म्हणजे हजारात एकदा. अकरा आले तर मी घरी जाईन, झोपेन आणि कुणाला काही सांगणार नाही."

"अकरा आले तरी?" मी म्हणाले.

"अकरा आले तरी."

त्यांनी बारा लिहिलं, सही केली, मी सही केली. साक्षीदार म्हणून मावशीने केली, आणि पेन दाबून खाली एक रेघही ओढली. मग सरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी बटण दाबलं.

यादी वर्षांप्रमाणे येते, जुनं आधी. एकेक ओळ यायला दोन-तीन सेकंद लागतात. सर पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. "तू वाच," ते म्हणाले. "मी मोजतो."

"पहिल्या वर्षी एक," मी वाचलं. "दुसऱ्या वर्षी... एक."

"दोन."

"तिसरं रिकामं. चौथं रिकामं."

मावशी माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. खुर्ची हलत होती. ती हलवत होती की मी, माहीत नाही.

"पाचव्यात एक."

"तीन."

"सहावं रिकामं."  अर्ध्याहून जास्त वर्षं संपली होती आणि आम्ही तीनवर होतो. "सातव्यात... सर, सातव्यात एक. आणखी एक. आणखी एक. सर, हे सगळे एकाच महिन्यातले आहेत!"

"नुसतं वाच," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "चार, पाच, सहा."

"आणखी एक. आणखी एक."

"सात. आठ."

"आठव्या वर्षी एक. नववं रिकामं. दहाव्यात एक."

"नऊ. दहा."

"अकराव्यात..." पडदा थांबला. दोन सेकंद. तीन. "एक."

"अकरा," सर म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या कागदावर होता. "संपलं?"

"नाही सर. याच वर्षातलं आहे. यादी अजून चालू आहे." पुढची ओळ उमटली. तारीख मागच्या मंगळवारची होती. "एक."

सर गर्रकन वळले.

"बारा," ते म्हणाले. "पुढे वाच. थांबू नकोस, वाच!"